मोडायचा राहिलेला डाव

काम साधं होतं. सायलीताईची दोन पोरं विमानानं जर्मनीला न्यायची, तिच्या ताब्यात द्यायची आणि थोडे दिवस राहून परत यायचं. आरोही सहा वर्षांची, शंभू चार. दोघं उन्हाळ्यात आमच्या गावी, माणला, आजोळी आली होती. ताईची रजा संपली म्हणून ती आधीच निघून गेली. घरात रिकामा माणूस एकच, तो मी. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून दिल्यापासून आमच्या घरात मला निरंजन कोणी म्हणतच नाही. रिकामा म्हटलं की मीच.

तिकिटं आप्पांनी काढली. आप्पा म्हणजे माझे वडील, हैबतराव. जमीन विकून बंगला बांधला, वरच्या खोल्या आयटीवाल्या पोरांना भाड्यानं दिल्या, दारात दोन गाड्या उभ्या केल्या, आणि नातवंडांसाठी तिकीट काढलं सगळ्यांत स्वस्त. मध्ये आखातातल्या एका विमानतळावर सकाळी उतरायचं आणि थेट संध्याकाळी दुसरं विमान धरायचं.

"आप्पा, दिवसभर पोरांना घेऊन तितं करू काय?"

"हितं काय करतो दिवसभर? त्येच तितं कर."

निघताना शारदाकाकूनं धपाट्यांचा डबा दिला. पोरांवरून भाकरतुकडा ओवाळला, रस्त्यापलीकडे टाकला आणि मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "तितं ओम दिसला, तर घरी ये म्हणावं."

काकू हे सगळ्यांनाच सांगते. पिरंगुटच्या बाजाराला निघालेल्याला, बावधनला लग्नाला निघालेल्याला, वरच्या खोलीतून सुट्टीला गावी चाललेल्या भाडेकरूलासुद्धा. ओम तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ. आठ वर्षांचा असताना नाहीसा झाला. मीही तेव्हा आठच वर्षांचा होतो.

"शारदा, पुरे!" आप्पा गाडीतून ओरडले. "पोरं चालल्यात. नगं त्ये नाव काडू नगंस."

ते नाव घरात घ्यायचं नाही, हा आप्पांचा कायदा. काकू सोडून सगळे तो पाळायचे. मीसुद्धा.

विमानतळावर सकाळ बरी गेली. ताईनं फोनवर बजावलं होतं, 'आधी त्यांना दमव, मग खायला दे, मग झोपव. उलटं केलंस तर तुलाच रडावं लागेल.' सरकत्या पट्ट्यावरून आम्ही इतक्या वेळा गेलो-आलो, की तिथला सफाईवाला शंभूला सलाम ठोकायला लागला. काचेला नाक लावून विमानं बघितली. शेपट्यांवरचे रंग ओळखायची पैज लावली. नळावर तोंडं धुतली, डबा उघडला. धपाट्यांचा वास सुटला तशी शेजारची बाई हसून बघायला लागली. शंभूनं तिलाही अर्धं दिलं.

दुपार झाली आणि सगळं संपलं. मोबाइलची बॅटरी संपली, गोष्टी संपल्या. शंभू जमिनीवर आडवा पडला. आरोही म्हणाली, "निरूमामा, तू लहान असताना कंटाळा आल्यावर काय करायचास?"

हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. मी त्यांना उचललं आणि लांबच्या टोकाला नेलं. तिथं एक गेट रिकामं होतं. ओळीनं खुर्च्या, जाड गालिचा, मधोमध एक खांब. एका बाजूला दुरुस्तीचं काम चाललेलं. प्लास्टिकचा पडदा लावून त्यामागे पत्र्याचे मोठे गोल पाईप रचून ठेवले होते. माणूस एकही नव्हता.

आणि मी त्यांना आमच्या खळ्यावरची लपाछपी शिकवली.

शिकवताना मलाच भडभडून आलं. आमचं खळं म्हणजे शेणानं सारवलेलं मोठं अंगण. कडेला पेंढ्याची गंज, पलीकडे भाताची खाचरं, आणि पायाला कायम तो काळा, थंड चिखल. त्याचा वास मला अजून कुठल्याही अत्तरापेक्षा जास्त ओळखता येतो. मी नियम सांगितले. ज्याच्यावर राज्य, त्यानं डोळे झाकून वीस मोजायचे. लपलेल्यानं मागून येऊन पाठीवर 'धप्पा' दिला, तर शोधणाऱ्यावरच पुन्हा राज्य. मध्येच थांबायचं असेल तर 'टँप्लीस' म्हणायचं. शहरातली पोरं 'टाइम प्लीज' म्हणतात, तेच. टँप्लीस म्हटलं, की ज्यानं त्यानं आहे तिथंच थांबायचं, म्हणणारा ते उठवेपर्यंत. आणि खेळ संपवायचा असेल, तर राज्य असलेल्यानं ओरडायचं, 'डाव मोडला', आणि एकेकाचं नाव घेऊन बाहेर बोलवायचं. जो आधी लपला त्याचं नाव आधी.

"नाव घेतलं नाही तर?" आरोहीनं विचारलं.

"तर तो लपूनच राहणार. एकदा एक पोरगा गंजीत झोपून गेला होता, तेव्हापासनं हा नियम."

पहिलं राज्य माझ्यावर. खांबाला कपाळ टेकवून मी मोजायला लागलो. एक... दोन... तीन... लांबवर कुठल्या तरी विमानाची घोषणा चालली होती. मोजता मोजता ती पुसट होत गेली. एसीची घरघर थांबली. कानात कापूस कोंबल्यासारखी शांतता, भर दुपारी आमच्या शिवारात असायची तशी. आणि त्या गार, कोरड्या, साबणाच्या वासाच्या हवेत... ओल्या चिखलाचा वास आला.

मी गर्रकन वळलो. सगळं होतं तसंच. शंभूचे बूट खुर्चीखालून दिसत होते. आरोही पडद्याजवळच्या बाकामागून हसत उठली. आणि उठताना तिनं अंगठा जिभेला लावला, कपाळावर टेकवला आणि म्हणाली, "टँप्लीस!"

अंगठा थुंकीनं ओला करून कपाळाला लावणारा साऱ्या माणमध्ये एकच पोरगा होता.

"हे... कोणी शिकवलं तुला?"

"दादानं."

"कोण दादा?"

"लपला होता ना माझ्याबरोबर. तो म्हणतो, 'हितं लई जागा हाय.'" आरोहीचं मराठी ताईनं घोटून घेतलेलं, एकदम स्वच्छ. 'हितं', 'लई' हे शब्द तिच्या तोंडात कधी नव्हते. "आणि मामा, तो तुला निऱ्या म्हणतो."

खरं सांगतो, तिथंच पोरांना घेऊन उठायला हवं होतं. पण मला निऱ्या म्हणणारं जगात कोणी उरलं नव्हतं. भीती वाटली, हो. पण त्या भीतीच्या खाली, वेड्यासारखा, आनंदही झाला.

"अजून एकदा!" शंभू नाचायला लागला.

मी खांबाकडे वळलो.

मोजताना तो दिवस डोळ्यांपुढे आला. भात कापून झालं होतं आणि जमीन विकली गेली होती. खाचरात चर खणून सिमेंटचे पाईप टाकत होते, आणि त्या दिवसांत ओम त्यांतच लपायचा. खळ्यावरचा तो आमचा शेवटचा डाव. राज्य माझ्यावर. मी वीस मोजले आणि आप्पांनी कान धरून मला ओढलं. बिल्डर आला होता, पेढे आले होते, सगळ्या घराचा फोटो काढायचा होता. मी ओरडलो, "टँप्लीस! ओम्या, टँप्लीस!" गाडीत घालून आम्हाला नेलं. फोटोत मी रडतोय, ओम नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. आम्ही परत आलो तेव्हा जेसीबीनं चर बुजवून टाकला होता.

मी सगळ्यांना सांगितलं, "ओम्या पायपात हाय." आप्पांनी थोबाडीत मारली. कोणी तरी म्हणालं, पिरंगुटच्या स्टँडवर असंच पोरगं बघितलं. बस, तेवढं पुरलं मोठ्यांना. पिरंगुट शोधलं, पौड शोधलं, पोलिसांनाही तेच सांगितलं. स्वतःच्या शेतातला चर मात्र कोणी उकरला नाही. उकरला असता तर सौदा अडकला असता. माझा काका, ओमचा बाप, गप्प बसला आणि गप्पच मेला. त्या जागेवर आता काचेची इमारत आहे. आमच्या गच्चीतून दिसते.

...एकोणीस... वीस.

वळलो. शंभू त्याच खुर्चीखाली सापडला. आरोही नव्हती.

बाकामागे नव्हती. खांबामागे नव्हती. "आरू? आरोही!" काही नाही. लांबवर आमच्या विमानाची पहिली घोषणा झाली; संध्याकाळ कधी झाली, कळलंही नव्हतं. शंभूचा हात माझ्या हातात घामानं निसटत होता. ताईनं विश्वासानं सोपवलेली पोरगी... आणि मी नेमकं मोठ्यांनी केलं तेच करून बसलो होतो की काय?

पडदा हलला. वारा नसताना हलला.

मी तो बाजूला केला. पत्र्याचे गोल पाईप एकावर एक. खालच्या पाईपाचं तोंड माझ्या गुडघ्याएवढं, आत काळाकुट्ट अंधार. आणि आतून, खूप लांबून आल्यासारखी कुजबुज. दोन आवाज.

"आरू... बाहेर ये बाळा."

"नाही येता येत, मामा." आवाज तिचाच, पण झोपाळलेला. "टँप्लीस चालू आहे. दादा म्हणतो, तू ते अजून उठवलंच नाहीस."

"विमान सुटेल, सोन्या. चल... डाव मोडला. आरोही, बाहेर ये!"

आत कोणी तरी हलकेच हसलं. मग आरोही म्हणाली, "माझं नाव आधी नाही. आधी कोण लपलं होतं?"

पाईपातून गार हवा येत होती. चिखलाचा तो वास इतका दाट झाला, की श्वास घेता येईना. चौदा वर्षं मी ते नाव उच्चारलं नव्हतं. आप्पांच्या धाकानं नाही, खोटं कशाला सांगू. ते नाव घेतलं, तर तो नाही हे खरं होईल, म्हणून.

मी गुडघ्यावर बसलो.

"ओम्या," मी म्हणालो. "ओम्या... डाव मोडला. बाहेर ये. काकू वाट बघतीय. घरी जायचं."

मग पत्र्यावर सरपटल्याचा आवाज आला. आरोहीचे हात दिसले, डोकं दिसलं. मी तिला ओढून छातीशी धरलं. तिचे गुडघे काळ्या चिखलानं लडबडले होते. तिच्या मागे सरपटण्याचा आवाज चालूच होता... जवळ... अजून जवळ... मी शंभूला काखेत मारलं आणि पळालो. मागं वळून बघितलं नाही.

गेटवर रांगेत उभं असताना बघितलं, तर आरोहीचा एक हात माझ्या हातात होता. दुसरा तिनं बाजूला धरला होता, मूठ अर्धी मिटलेली, कोणाचा तरी हात धरल्यासारखी. आमचा नंबर आला तशी तिनं ती मूठ सोडली आणि रिकाम्या पट्ट्याकडे बघून टाटा केला.

"दादा गेला," ती म्हणाली.

"कुठं?"

"घरी. तूच म्हणालास ना."

पोरं ताईला सुखरूप पोचवली. ताईला यातलं काही सांगितलं नाही. तिनं चड्ड्या धुताना एवढंच विचारलं, की विमानतळावर एवढा चिखल कुठून आणला.

माणला परतलो तेव्हा काकू दारातच उभी होती. नवीन लुगडं, केस नीट विंचरलेले. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "निरोप पोचिवलास रं." त्यानंतर ती कोणालाच काही सांगत नाही. भाडेकरू गावी जातात, शेजारी बाजाराला जातात, काकू नुसती हसते. दुपारी बारा वाजता मागच्या अंगणात फरशीवर बसते, भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर हात घेऊन. वीसपर्यंत मोजते. मग कोणीतरी अंगाला झोंबल्यासारखी खुदकन हसते. मला ते बघून भीती वाटत नाही. खळ्यावरची दुपार आठवते.

आप्पा मात्र हल्ली पाठ उघडी टाकून बसत नाहीत. जेवतानाही पाट भिंतीला टेकवून.

परवा विसरले. दुपारी पाहुणे आले म्हणून मधोमध बसले, पाठ मागच्या दाराकडे. काकू भाकरी वाढत होती. पाहुण्यांना काचेच्या इमारतीचं कौतुक सांगत आप्पा मोठ्यानं हसले, आणि तेवढ्यात... धप्प.

आप्पांच्या हातातला घास खाली पडला. "कोण रं? कोण हाय त्ये?"

मागं कोणी नव्हतं. दार उघडं, बाहेर रखरखीत ऊन.

"कुणी न्हाई, भावजी," काकू खाली बघतच म्हणाली. दुसरी भाकरी तिनं पाहुण्याच्या ताटात ठेवली. "तुमच्यावर राज्य आलंय. मोजा."

पाहुणे हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. आप्पा हसले नाहीत. ते उठून आत गेले, आणि जाताना त्यांची पाठ मला दिसली. पांढऱ्या सदऱ्यावर पाच छोटी बोटं, काळी, ओली. चिखल ताजा होता. त्याचा एक ओघळ कमरेपर्यंत आला होता.

सदरा मीच नळाखाली धरला. डाग निघत नव्हता, वास तर अजिबातच नाही. मे महिना आहे. साऱ्या माणमध्ये आता भाताचं एकही खाचर उरलेलं नाही.

तेव्हापासून आतल्या खोलीचं दार आप्पांनी लावून घेतलंय. आतून त्यांचा आवाज येतोय. वीस झाले की ते परत एकपासून सुरू करतात.