हँडलमधल्या मुंग्या

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी हे लिहितेय, कारण मी तिथे होते आणि मीटर माझाच होता.

रात्र नव्हती. रविवारची सकाळ, लख्ख ऊन. जागा... माझ्या भावाच्या इमारतीमागचं पार्किंग.

मी वायरिंगची कामं करते. कामावर मला सगळे 'मीटरबाई' म्हणतात. मीटर लावून बघितल्याशिवाय मी इस्त्रीलाही हात लावत नाही म्हणून.

वहिनी गेली आणि दादाने एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रिज. रिटायर झाल्यावर दोघं फिरणार होते. आता तो एकटाच तिच्यात झोपायचा. वरचं घर रिकामं.

तो रडला नाही. चिडला नाही. जेवलास का विचारलं, की "असेन," म्हणायचा.

एकदा सहज बोलून गेला, "व्हॅनच्या दाराच्या हँडलला हात लावला की मुंग्या येतात."

अर्थिंग तुटलं आणि करंट बॉडीत उतरला, की अख्खी गाडी शॉक देते. त्यात पाय ओल्या जमिनीवर असले, तर माणूस जागच्या जागी जातो.

"मी येईपर्यंत हात लावायचा नाही," मी बजावलं.

गेले. गाडीला जिथून वीज जायची तो भिंतीवरचा सॉकेट आधी तपासला. अर्थिंग पक्कं. मग गाडीची केबल काढली. इन्व्हर्टर बंद केला. बॅटरीची तार सोडवली.

आता गाडीत वीज नव्हतीच.

मीटर बीपवर लावला. दोन टोकं धातूने जोडलेली असली तरच तो वाजतो. एक टोक केबलच्या अर्थ पिनला, दुसरं गाडीच्या सांगाड्याला. बीप. मग हँडलला. बीप. सगळं जोडलेलं, कुठेच दोष नाही.

एक टोक चिमट्याने सांगाड्याला अडकवून ठेवलं, दुसरं रबरी चटईवर टाकलं आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला पिशवीत वाकले.

तेवढ्यात...

बीप.

वळून पाहिलं. चटईवरच्या टोकाला काहीच टेकलेलं नव्हतं.

मान वर केली. दादा दारात उभा होता. हँडल धरलेलं. डोळे मिटलेले.

"दादा, हात काढ."

त्याने काढला. आवाज थांबला.

"परत लाव."

बीप...

माणसाच्या अंगातून हा मीटर वाजत नाही. आणि दादा तर दुसऱ्या टोकापासून चांगला लांब होता.

मग मला वायर दिसली. चटईवर सैल पडलेली मीटरची वायर हळूहळू सरळ होत होती... दादाच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे.

मला घाबरायला हवं होतं. घाबरले नाही. आतून नुसती गार पडले.

"हे दुरुस्त करू नकोस," दादा सपाट आवाजात म्हणाला. "हॉस्पिटलात ती माझा हात धरून झोपायची. हाताला मुंग्या यायच्या, पण मी सोडवून नाही घ्यायचो. तशाच आहेत या."

तरी मी केबल बदलली, नवा ब्रेकर बसवला. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात तो गाडी घेऊन निघाला. अधूनमधून फोन करतो. आवाज मोकळा असतो. काय जेवला ते आपणहून सांगतो.

फक्त उजव्या हाताची बोटं बधिर झालीत. गरम चहा सांडला तरी कळत नाही. वाटेत एका डॉक्टरला दाखवलं. नसा ठीक आहेत म्हणाला. गाडी विकून टाक म्हटलं, की दादा विषय बदलतो.

काल विचारलं, "आता कुठवर आलंय?"

"कोपराच्या वर."

मग म्हणाला, "पण चिमे, झोप लागते गं आता."

बरं झालं म्हणावं, की जाऊन त्याला परत आणावं... मला अजून ठरवता आलेलं नाही.