गाव कुठलंही चालेल

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही.

गेल्या जूनमधला बुधवार. युगांडातलं कंपाला, न्तिंडा भागातलं एक ऑफिस, तिसरा मजला. दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन.

नांतेझा माझी मावसबहीण. तिथे टेस्टिंगच्या कामाला नवीन लागलेली. कळा सुरू झालेल्या बाईने फोन लावायचा, प्रोग्रॅमने तिच्या गावाला ॲम्ब्युलन्स पाठवायची, असं ते सगळं. संध्याकाळी सहाला चाळीस दवाखान्यांत चालू होणार होतं.

टेस्ट करताना खरी ॲम्ब्युलन्स बोलावत नाहीत. तिच्या जागी प्रोग्रॅममध्ये एक नकली बसवतात. ती कुठे जात नाही. आपल्याला किती वेळा बोलावलं आणि कुठल्या गावासाठी, एवढंच नोंदवते.

आधीच्या माणसाने टेस्टमध्ये लिहून ठेवलं होतं: गाव कुठलंही चालेल.

म्हणजे बोलावलं की पास. गाव चुकलं तरी पास. असल्या आळशाला पगार देणाऱ्यांना काय म्हणावं?

नांतेझाने ते खोडलं. टेस्टमधला फोन बुकालांबा गावातून होता, म्हणून नेमकं लिहिलं: बुकालांबा, एकदाच.

टेस्ट चालवली.

लाल, म्हणजे नापास...

'अपेक्षित: बुकालांबा, एकदा. प्रत्यक्षात: किरुंगू, अकरा वेळा.'

किरुंगू? तिने अख्खा प्रोग्रॅम धुंडाळला. ते नाव कुठेच नव्हतं.

शेजारच्या ओकेलोच्या लॅपटॉपवर चालवून बघितली.

तेच...

ओकेलो मटोके, उकडलेली कच्ची केळी, खात होता. "माझं मशीन पण बाटवलंस. जा आता लुबोवासाहेबांकडे रडायला."

साहेब आला. पडद्यावरचं नाव वाचलं आणि खुर्ची ओढून बसला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. काय आहे किरुंगू?"

"जुनं आहे. सोड."

"साहेब, काय आहे?"

मार्चमध्ये तीन दवाखान्यांत चालवून बघितलं होतं म्हणे. किरुंगूच्या नाबिर्ये नावाच्या बाईने अकरा वेळा फोन लावला. अकराही वेळा गाडी दुसऱ्याच गावाला गेली. बाई गेली. बाळही.

"आणि टेस्ट?"

"सगळ्या पास होत्या."

तेवढ्यात पंख्याचा आवाज थांबला...

पंखा फिरतच होता.

नांतेझाने पडद्याकडे बघितलं. टेस्ट कुणी चालवली नव्हती.

अकराचे बारा झाले होते...

"कुठलंही चालेल, असं परत लिही," लुबोवा म्हणाला.

"नाही लिहिणार."

"न्याबो, बाईसाहेब, सहाला पाहुणे येतायत. त्यांना तुझी भुतं दाखवू?"

"भूत राहू दे. गाव अजून चुकतंय, ते दाखवा."

"ऊठ खुर्चीवरून."

त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. हिरवी.

पंख्याचा आवाज मात्र परत आला नाही...

सहाला टाळ्या वाजल्या. नांतेझाने नोकरी सोडली. चाळीस दवाखान्यांना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही.

ओकेलो अजून तिथेच आहे. तो सांगतो, टेस्ट रोज हिरवी होते. खाली नकली ॲम्ब्युलन्सची नोंद उमटते, ती सगळे न वाचता पुढे जातात.

काल त्यात किरुंगूखाली दुसरं एक गाव आलंय...

माझी जाऊ त्या गावापासून दोन टेकड्या पलीकडे राहते. सातवा महिना. तिला मी तो ॲम्ब्युलन्सचा नंबर दिलेला नाही. शेजाऱ्याची मोटारसायकल आत्ताच सांगून ठेव म्हटलंय.