कुशाबाईची जाळी

गुरुवारी आमच्या कळंबला दुपारभर लाईट नसते. वेल्डिंगच्या दुकानात लाईट नसली की मी आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसून माशा मारतो. तुम्ही बसलाच आहात, आणि भिंतीवर टांगलेल्या त्या दोन जाळ्या कसल्या म्हणून विचारलंत, म्हणून सांगतो. गोष्ट मात्र त्या दोघींची नाही, तिसरीची आहे.

आमच्या गावचा अमृत स्लॅबची कामं घेतो. माल कालवायचं डिझेलवरचं मिक्सर मशीन त्याचं स्वतःचं. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कामावरच्या बायकांना दिवाळीला लुगडी द्यायचा, कुणी आजारी पडलं तर स्वतःच्या गाडीत घालून मंचरला न्यायचा. फक्त मशीनचा ड्रम फिरवणारं दातेरी चाक उघडं होतं. नवं असताना त्यावर झाकण होतं, पण वंगण घालताना अडचण होते म्हणून कुणीतरी काढलं आणि ते तसंच कुठेतरी पडून राहिलं. लिंबू-मिरची मात्र दर अमावस्येला ताजी बांधलेली असायची.

गेल्या वर्षी लोणीच्या कामावर कुशाबाईचा पदर त्या चाकात गेला. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची बाई. घमेलं डोक्यावर असतानाही हसत बोलायची. मला गॅस कटर घेऊन बोलावलं, पण मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हिरव्यावर पिवळे ठिपके असलेलं तिचं लुगडं मी माझ्या हातांनी दात्यांतून सोडवलं. अजून कधी जेवायला बसलो की ओल्या सिमेंटचा वास येतो, आणि मी ताट सारतो.

अमृत रडला. खोटं नाही, लहान पोरासारखा रडला. मग त्यानं मशीनवरून कोंबडं उतरवलं, नारळ फोडला आणि मला म्हणाला, "रामनाथभाऊ, ह्या चाकाला एक जाळी करा. मजबूत करा."

मी माप घेऊन जाळी केली, इथंच भिंतीवर टांगून ठेवली. ती न्यायला तो काही आला नाही. फोन केला की म्हणायचा, "सीझन हाय राव. येवढा स्लॅब व्हऊ द्या." एक स्लॅब झाला की दुसरा उभाच. चार बोल्टचं काम. चहा प्यायला बसतो तेवढा वेळ लागला असता. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, कारण कोंबड्यानं दोष गेला असं त्याला मनापासून वाटत होतं.

अशाच एका गुरुवारी मी एकटा बसलो होतो. बाहेर रणरणतं ऊन. दुकान गप्प. आणि भिंतीवरची जाळी वाजू लागली. रस्त्यानं ट्रक गेला असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण ट्रक गेला की आवाज जातो. हा जाईना. एका ठेक्यात चालला होता, धग्... धग्... धग्... मिक्सरचा ठेका मी झोपेतही ओळखीन. उठून जाळीला हात लावला, तर ती ओली होती. बोटांना सिमेंट लागलं.

अमृतच्या घरी फोन केला. त्याची बायको म्हणाली, जुन्नरला स्लॅब आहे. मी जाळी टेम्पोत टाकली आणि निघालो.

जुन्नरला बाजारपेठेमागच्या गल्लीत काम जोरात चाललं होतं. मशीन धडधडत होतं. बायका घमेली घेऊन त्या चाकाच्या अगदी शेजारून जात होत्या. रांगेत बायडाबाई दिसली. कुशाबाईची धाकटी जाऊ. थोरली गेली त्याच चाकाशी आता ती उभी होती. 

"अमृत, मशीन बंद कर. जाळी बसवतो."

"भाऊ, स्लॅब मधी थांबवत्यात का? सांधा पडंल, उद्या घर गळंल. सांजच्याला बसवू."

"बाईचा पदर बघ तिच्या..."

"ती संबाळती की! येवढ्या दिसात काय झालं का?"

मी जाळी पलीकडे चिंचेच्या बुंध्याशी टेकवली. दुसरं काय करणार? मशीन त्याचं, माणसं त्याची.

मग ते झालं. बायडाबाई घमेलं ओतून वळली, पदर सुटला आणि चाकानं त्याचं टोक धरलं. ओरडायलाही कुणाला वेळ नव्हता. आणि चाक थांबलं.

इंजिन चालूच होतं, राव. पट्टा फिरत होता, घासून त्यातून धूर निघत होता. ड्रम मात्र जागच्या जागी उभा. आणि चिंचेखाली माझी जाळी थडथडत होती, जमिनीवर आपटत होती.

मी पदर कापला. बायडाबाई मागे पडली तसं चाक पुन्हा फिरायला लागलं. जाळी शांत झाली. अमृतनं धावत जाऊन इंजिन बंद केलं.

सगळे जाळीभोवती जमलो. तिच्या गजांत कापडाची एक चिंधी पिळून अडकली होती. बायडाबाईचं लुगडं जांभळं होतं. चिंधी हिरवी होती, पिवळ्या ठिपक्यांची. आणि ओली.

बायडाबाईनं ती सोडवून कपाळाला लावली. "जाऊबाई..." एवढंच म्हणाली. मग हळूच अमृतकडे बघून, "शेठ, तिला आता तरी घरी जाऊ द्या."

अमृतनं मान खाली घातली. स्लॅब अर्धा टाकून त्यानं स्वतःच्या हातानं जाळी बसवली. सांधा पडायचा तो पडला. संध्याकाळी बायडाबाईनं ती चिंधी कुकडी नदीत सोडली. जे मालकानं करायचं, ते मेलेल्या बाईला करावं लागलं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

त्या मशीनला मग काही झालं नाही. पण अमृतची कामं वाढली, दिवाळीनंतर त्यानं आणखी दोन जुनी मशीन घेतली. त्या दोन मशीनच्या या जाळ्या. लगेच करून घेतल्या, तेवढा शहाणा झाला. न्यायला मात्र अजून आलेला नाही. काय म्हणतो, ते तुम्हीच ओळखा. सीझन आहे.

आज तो कुठे आहे? लोणीलाच. त्या दोनातलंच एक मशीन नेलंय म्हणे.

थांबा... बोलू नका जरा. रस्त्यावर ट्रक आहे का बघा. नाही ना? पंखाही बंद आहे. लाईटच नाही.

ती डावीकडची बघा. हात नका लावू. तिच्या कोपऱ्यातून ते काय लोंबतंय... सकाळी नव्हतं तिथे.

अमृतला फोन लावतोय. रिंग जाते आहे. उचलत नाही. स्लॅबच्या दिवशी मशीनच्या आवाजात फोन ऐकूच येत नाही हो कुणाला.