आठ हजार एकशे एक्क्याण्णव ठोके

चंद्रावरच्या वसाहतीत त्या आठवड्यात एकच कोडं गाजत होतं. आकाशाच्या एका कोपऱ्यातून रेडिओवर ठोके येत, मग शांतता, मग पुन्हा तितकेच ठोके. झणकार या यंत्रमानवाने मोजून सांगितलं, ८१९२.

"हे आपल्याच यंत्रांचे चाळे," वेधशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "आपली यंत्रं दुपटीने मोजतात. ८१९२ निम्मं निम्मं करत गेलं की थेट एकावर येतं. सहाला अँटेना दुसरीकडे वळवणार."

अकरा वर्षांच्या ऋजुताचा चेहरा उतरला. ते ठोके पहिल्यांदा तिनेच ऐकले होते.

ती सभागृहात आजोबांकडे गेली. वामनआजोबा निवृत्त रेडिओशास्त्रज्ञ. दर एकादशीला ते कीर्तन करत आणि मागे झणकार झांज वाजवी. श्रोते जमू लागले होते. आजोबांनी सरावाचं पद संपवलं, तोच झणकारने वर एक ठोका दिला. झण्ण!

ऋजुता थबकली. "झणकार, आकाशातले ठोके मोजतानाही तू झांज वाजवत होतास?"

"हो. मी झांजेवरच मोजतो."

"आणि शेवटी?"

"समाप्तीचा ठोका. त्याशिवाय उठायचं नाही, असं बुवांनीच शिकवलंय."

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अरे गुलामा, तोही मोजलास!"

म्हणजे खरे ठोके ८१९१.

"याचे सारखे गट पडतात का, बघू," आजोबा म्हणाले. "नाही पडले, तर ती मूळ संख्या (जिला फक्त एकाने आणि त्याच संख्येने भाग जातो). तशी संख्या कुणी मुद्दामही निवडली असेल."

"पण ८१९० पर्यंत भागत बसलो तर सहा वाजून जातील!"

"नव्वदीपर्यंत पुरे. एक्क्याण्णव गुणिले एक्क्याण्णव ८२८१, म्हणजे जास्तच झाले. एक भाजक (भाग देणारी संख्या) नव्वदीपुढचा असेल, तर त्याचा जोडीदार नव्वदीच्या आतच हवा. त्यातही फक्त मूळ संख्या घे. दोनने भाग जात नाही, तर चारने कुठून जाणार?"

अशा संख्या निघाल्या चोवीस. ऋजुताने श्रोत्यांना प्रसादासारखी एकेक वाटली.

"एकोणनव्वद माझ्याच वाट्याला का गं?" सुमतीकाकू कुरकुरल्या.

"तुमचा हिशोब पक्का म्हणून!"

दोन, तीन, पाच, सात, तेरा, या पाचांकडून एकच हाक आली, "बाकी एक!" अकरावाल्याकडे सात उरले. शेवटी काकू ओरडल्या, "बाकी तीन!"

कुणाच्याच संख्येने भाग गेला नव्हता.

"काय त्याची करणी!" आजोबांनी हात जोडले. "एक मिळवला की तेरा वेळा निम्मी होते, आणि मिळवला नाही तर अखंड."

सहाला पाच मिनिटं होती. ऋजुताने वेधशाळेत नेऊन दिलेला हिशोबाचा कागद प्रमुख बाईंनी तपासला. "कुणीतरी मुद्दाम पाठवलंय, हे यावरून सिद्ध होत नाही. पण कान द्यायला हरकत नाही. एक आठवडा देते."

ठोके पुन्हा सुरू झाले. झणकार बरोबरीने झांज वाजवत राहिला. ८१९१ वा ठोका पडला. सवयीने त्याचा हात वर गेला. ऋजुताने श्वास रोखला.

हात वरच राहिला. सगळे आकाशाची शांतता ऐकत बसले.