तिसऱ्या मजल्यावरचा नळ

सफाईवाल्या मावशींच्या हातात तो लाल रबरबँड सापडला आणि ऑफिसच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटलं. पाणीचोर मुद्देमालासकट हाती लागला होता. आता पाणीखात्याच्या माणसाचा शेरा मिळाला, की संध्याकाळी मावशींना घरी बसवायचं एवढंच उरलं होतं.

शेरा द्यायला आलेल्या माणसाला खात्यात सगळे कानसेन म्हणत. लोखंडी कांडी पाइपला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि गळती ऐकायची, यात त्यांची तीस वर्षं गेली होती. निवृत्तीला सहा महिने होते. रात्री तीनदा उठावं लागल्याने डोळे चुरचुरत होते, त्यात लिफ्ट बंद. तरी सकाळपासून ते जिन्याजवळच्या पाइपपाशी स्टूल टाकून बसले होते. दुपारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"नळ बघितलात ना?" साहेब म्हणाले. पाणीबचतीची मोहीम त्यांचीच, भिंतीभिंतीवरच्या सूचनांखाली सहीही त्यांचीच. "दाबला की पाच सेकंदांत आपोआप बंद होतो. बाईने रबरबँड गुंडाळून तो दाबून ठेवला, बादली भरायला. खप कमी व्हायचा सोडून दीडपट झालाय."

"पुरुषांच्या स्वच्छतागृहातलाच नळ?"

"तेवढाच."

"मावशी तिथे कधी जातात?"

"सकाळी सातला आणि दुपारी दोनला... एक मिनिट हं."

साहेब घाईने उठून गेले. त्यांच्यासमोरचा पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला होता. टेबलावर फायलींची चळत होती. कानसेनांनी सवयीने कोपऱ्यातल्या पाइपला कांडी टेकवली आणि घड्याळ बघितलं. साहेब आले तेव्हा त्यांनी कांडी खाली ठेवली.

मावशी जिन्यात फरशी पुसत होत्या.

"रबरबँड कुणाचा?" कानसेनांनी विचारलं.

"माझा नाही. नळावर होता, नळ वाहत होता. मी काढला, तेवढ्यात साहेब आले."

"लावतं कोण?"

मावशींनी फडकं पिळलं. पुढची पायरी पुसायला घेतली.

"शनिवारी येता?"

"येते ना. ऑफिस बंद असतं, तेव्हा अख्खा मजला धुते. चौदा बादल्या लागतात."

"घरी कोण असतं?"

"दोन मुली आणि म्हातारे सासरे. त्यांचं सगळं मलाच बघावं लागतं. कमावणारी मी एकटीच."

कानसेनांना फार दमल्यासारखं वाटलं. ते केबिनमध्ये परतले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, साहेब. शनिवारी मावशी चौदा बादल्या ओततात, तरी मीटरवर शनिवारचा आकडा कामाच्या दिवसांपेक्षा कितीतरी कमी. म्हणजे नळ वाहतो तो ऑफिस चालू असतानाच. आज मी कांडी लावून ऐकलं. तीनदा वाहिला, दर वेळी चारेक मिनिटं. आणि तेव्हा मावशी जिन्यात होत्या. चोराला पाणी नकोच आहे."

"मग काय हवंय?"

"आवाज."

साहेबांनी समोरचा ग्लास बाजूला सरकवला.

"एका वयानंतर माणसाला तिथे नुसतं ताटकळत उभं राहावं लागतं. पाणी वाहताना ऐकलं की जमतं. मघाशी तुम्ही उठलात आणि पाइप वाजायला लागला. तुम्ही आलात तेव्हा थांबला होता. तुमच्या फायलींना असलेच लाल रबरबँड आहेत. आणि समोरचं पाणी तुम्ही पीत नाही, पुन्हा उठावं लागेल म्हणून. परवा घाईत रबरबँड काढायचा राहिला. आठवण होऊन परत गेलात, तर तो मावशींच्या हातात."

साहेबांचा चेहरा पार उतरला. "तुम्हाला कसं कळलं?"

"मलाही तेच आहे. गोळ्या मिळतात त्यावर. डॉक्टरला सांगायच्या लाजेपायी मीही दोन वर्षं काढली. पण माझ्या लाजेपायी कुणाची भाकरी गेली नाही."

मग साहेबांनी मावशींना काढायचा कागद फाडला, बाहेर जाऊन सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "रबरबँड मी लावत होतो. यांची काही चूक नाही." का लावत होते ते कुणी विचारलं नाही.

कांडी काखोटीला मारून कानसेन जिना उतरू लागले. मावशींपाशी ते थांबले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सासऱ्यांसाठी रोज नळ सोडते मी."

"मग बोलला का नाहीत?"

मावशींनी बादली पुढे सरकवली. "कुणाला सांगणार? इथे तक्रार साहेबांकडेच करायची असते ना."