आधी मला विचार

"हा दरवाजा कुणी काढला?"

दारात, म्हणजे जिथे दार असायला हवं होतं तिथे, एक माणूस उभा होता. खांद्यावर करवत, कानावर पेन्सिल आणि कपाळावर हीऽऽ आठी. दरवाजा खोलीच्या मधोमध जमिनीवर आडवा पडला होता आणि त्या दरवाजावर मी उभी होते. हात दोन्ही बाजूंना सरळ, एक पाय वर.

"मी काढला," मी म्हटलं. "काय म्हणणं आहे?"

"या महिन्यात तीन वेळा बसवलाय मी तो! मेट्रन मला सुनावते, मिस्त्री, तुझ्या बिजागऱ्या कच्च्या. माझ्या बिजागऱ्या!"

"अजिबात कच्च्या नाहीत. काढताना आमचा जीव जातो."

"उतर खाली."

"नाही उतरत."

तर त्या माणसानं काय करावं? वाकून दरवाजाची कड धरली आणि ओढला, माझ्यासकट! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पडेन ती कुलसुम कसली. मी टाच आपटली, मग चवडा, मग पुन्हा टाच... खटखट-खट, खटखट-खट... शिकवलं होतं तसंच. दरवाजा दणाणला.

त्यानं कड सोडली.

"हे काय होतं?"

"नाच आहे. आयर्लंडचा."

"हात न हलवता?"

"हात हलवले असते तर तुमच्या कानाखाली बसले असते," मी म्हटलं.

तो हसला. आणि मला त्याचा आणखीच राग आला, कारण हसताना तो चांगला दिसत होता.

ही १९६४ सालची गोष्ट. दुबईत, देऱ्याच्या बाजूला, खोरापासून, म्हणजे तिथल्या खाडीपासून, हाकेच्या अंतरावर आमचं इस्पितळ होतं. माझे अब्बा, खैरुद्दीन दाभोळकर, तिथल्या भटारखान्यात मुख्य स्वयंपाकी. मी बँडेजं गुंडाळायची, चादरी मोजायची आणि दिवसातून चारदा कुणाशी तरी भांडायची. एकदा मेट्रननं माझी चूक नसताना बोलणी घातली. मी बाहेर येऊन व्हरांड्यात पाय आपटत होते, तेव्हा मागून आवाज आला, "फिर से करो!"

सिस्टर नोरा. आयर्लंडच्या कुठल्याशा खेड्यातली, केस गाजरासारखे, हिंदी मोडकंतोडकं. म्हणाली, तिच्या गावात घरांना मातीची जमीन असायची, म्हणून नाचायचं झालं की लोक दरवाजा उतरवायचे आणि त्याच्यावर नाचायचे. पाय वाजले पाहिजेत ना! तिच्या आईनं तिला पावलं शिकवली होती, नोराला स्वतःला मुलगी नव्हती, आणि माझ्या पायांत म्हणे ती पावलं आधीपासूनच होती. "कुलसुम, हाथ नीचे! गुस्सा सब पाँव में!"

अशी मी शिकायला लागले. वाजवायला पाण्याच्या पंपावरचे इंजिनीयर फिनसाहेब बासरी घेऊन यायचे आणि त्यांची बायको मॉली फिडल घेऊन. फिनसाहेबांकडे आपल्या दफासारखंच एक चामड्याचं वाद्य होतं, बोरान म्हणायचे त्याला. पण इथल्या दमट हवेत ते ओल्या भाकरीसारखं लुळं पडायचं.

त्या दिवशी मिस्त्री दरवाजा न घेताच गेला, आणि दुसऱ्या दिवशी कोळशाची शेगडी घेऊन आला. कुणी बोलावलं होतं? कुणीच नाही. शेगडी पेटवली, बोरान निखाऱ्यावर धरून फिरवत शेकलं, बोटानं टिचकी मारली... टण्ण! फिनसाहेब टाळ्या पिटायला लागले. लाँचच्या कारखान्यात सुतारकाम करणारा आणि अधूनमधून इस्पितळाची दारं-खिडक्या बसवणारा हा तय्यब मिस्त्री हर्णैचा होता. लग्नाच्या मेंदीला, पिराच्या उरुसातल्या रातीबला दफ वाजवत लहानाचा मोठा झालेला. झालं! बोरान गेलं आणि त्याचा दफ आला.

अब्बांनी परवानगी दिली, पण दोन अटींवर. मधे पडदा हवा, वाजवणारे पलीकडे आणि मी अलीकडे. आणि माझ्या बाजूला अब्बांची बहीण, हव्वाबी फुफी बसणार. फुफी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायची आणि दर दहा मिनिटांनी विचारायची, "संपलं का गं हे आपटणं?" पडदा तय्यबनंच आणला. लाँचच्या शिडाचं जाड कापड, पलीकडचं बोटसुद्धा दिसेना.

आणि मग सुरू झाली माझी छळणूक!

आपल्याकडे दफ कसा वाजतो ठाऊक आहे ना? सुरुवात संथ, मग चढत जायचं, चढत जायचं, शेवटी सगळी मांडवभर माणसं डोलायला लागतात. पण नोराच्या नाचाला, त्या जिगला, ते चालत नाही. ती पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत एका चालीत. तय्यब मात्र चौथ्या फेरीला हटकून चढवायचा. माझे पाय एकमेकांत अडकायचे, मी दरवाजावरून खाली यायचे.

"मिस्त्री! कुठं पळताय? आगबोट सुटतेय का?"

"दफ चढायलाच पाहिजे गं. नाहीतर तो दफ कसला?"

"माझे पाय ऐकू येतात का तुम्हाला?"

"...दफाच्या आवाजात नाही येत."

"मग दफ हळू वाजवा! पायच वाजायला हवेत इथे. तुम्ही माझ्यासाठी वाजवताय, मी तुमच्यासाठी नाचत नाहीये!"

भाषा कळत नसूनही पलीकडे मॉली फिस्सकन हसली.

एके दिवशी माझे बूट व्हरांड्यातून गायब. नोराचे जुने, जाड तळव्यांचे बूट घालून मी नाचायचे. दोन तास शोधले, दोन आयांशी भांडले. मग तय्यब आला, हातात बूट. टाचेला आणि चवड्याला बारीक लोखंडी चुका ठोकलेल्या, ओळीनं.

"विचारलं होतं मला?" मी ओरडले.

"घालून तर बघ..."

घातले. एक पाऊल टाकलं. अल्ला! असा टणक, स्वच्छ आवाज की सुपारी कातरणारी फुफीसुद्धा थांबली. मला 'छान आहेत' म्हणायचं होतं. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही." तो मान खाली घालून पडद्यामागे गेला, आणि मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

हळूहळू त्याचा दफ मऊ झाला. म्हणजे चढायचा अजून, पण उशिरा, आणि माझा पाय अडखळला की लगेच उतरायचा. एकदा नाच संपल्यावर पडद्यापलीकडून हळूच आवाज आला, "आज डावी टाच फार चिडलीय... कुणावर?"

"तुमच्यावर."

"आणि उजवी?"

मी बुटाची नाडी सोडायला लागले. उजवीला विचारायची सोय नव्हती. ती केव्हाच फितूर झाली होती.

नोराचं काम संपत आलं. शनिवारच्या विमानानं ती कायमची जाणार, म्हणून शुक्रवारी दुपारी नर्सेसच्या क्वार्टरमध्ये, फक्त बायकांसमोर, मी पूर्ण नाच करायचा असं ठरलं. आणि मंगळवारी, पावलं पक्की करत असताना, फुफी सुपारी तोंडात टाकत म्हणाली, "आता हे थेर बंद हो. निकाहानंतर शोभायचं नाही."

"कुणाचा निकाह?"

"अगं, तुझा! तय्यबनं रविवारीच मागणी घातली. भाई हो म्हणाले. मी हो म्हटलं. मुश्ताकमामाला दाभोळला पत्र गेलं. सगळ्यांना पसंत आहे."

सगळ्यांना! रविवार, सोमवार, मंगळवार... तीन दिवस दाभोळपर्यंत बातमी पोचायला निघाली आणि मी इथे चादरी मोजतेय! खरं सांगते, त्यानं मला विचारलं असतं तर मी लाजून पळाले असते आणि धावत परत आले असते. पण आता माझं डोकं फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

संध्याकाळी तो पडद्यापलीकडे येऊन बसल्याबरोबर मी सुरू झाले. "अब्बांना विचारलंत. फुफीला विचारलंत. मामाला पत्र धाडलंत. मग करा की त्यांच्याशीच निकाह! माझी काय गरज?"

"कुलसुम, रीत तशीच असते... मोठ्यांना आधी..."

"आणि मला? मला कधी विचारणार होतात? पहिल्या पोराच्या बारशाला?"

तो उठला. दफ उचलला आणि निघून गेला. मला वाटलं, बरं झालं. मग वाटलं, कुठं बरं झालं.

गुरुवारी दुपारी अब्बा भटारखान्यातून तसेच आले, हाताला कणीक. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मागणी परत घेतली त्यानं! म्हणतो, चूक झाली, माफ करा. चूक? लोक काय म्हणतील, पोरीत काय खोट निघाली? खलास! पुढच्या आठवड्यात मुंबईची आगबोट आहे, तू आणि फुफी दाभोळला जाताय. मुश्ताक बघेल तिकडेच कुणीतरी."

त्यांच्या आवाजात राग होता, पण डोळे ओले होते. मला भांडताच येईना. परवा नोरा जाणार, आठवड्यानं मी जाणार, आणि दाभोळला कुणीतरी मला बघणार. आणि तय्यब इथेच राहणार, दुसऱ्या कुणाच्या तरी बिजागऱ्या बसवत. रात्रभर उशी भिजवली आणि सकाळी उठले ती पेटलेलीच.

शुक्रवारी वाटलं तो येणार नाही. आला. पडद्यापलीकडून शेगडीचा वास आला, टिचकी ऐकू आली. मी बूट घट्ट बांधले. समोर बारा-पंधरा नर्सेस, मधे नोरा, नाक आधीच लाल.

बासरी लागली, फिडल लागली, दफ लागला. मी हात खाली घट्ट धरले आणि सगळा राग पायांत सोडला. अब्बांचा, आगबोटीचा, त्याचा. टाच, चवडा, टाच... पहिली फेरी, दुसरी, तिसरी. चौथी आली. आता चढवणार.

त्यानं चढवलं नाही. उलट दफ हळू झाला... आणखी हळू... आणि थांबला. बासरी थांबली, फिडल थांबली. फक्त माझे पाय. खटखट-खट, खटखट-खट. खोलीत दुसरा आवाज नव्हता. कुणीतरी पहिल्यांदाच पूर्ण ऐकून घेत होतं. मी शेवटचं पाऊल आपटलं तेव्हा नोरा तोंडावर रुमाल धरून रडत होती, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडत होते.

टाळ्या चालू असतानाच मी जाऊन पडदा सर्रकन ओढला. फुफी किंचाळली. तय्यब मांडीवर दफ घेऊन बसला होता, डोळे लाल.

"मागणी घातलीस तेव्हा मला विचारलं नाहीस," मी म्हटलं, 'तुम्ही'बिम्ही सगळं विसरून. "आणि परत घेतलीस तेव्हा? तेव्हा तरी विचारलंस?"

"मला वाटलं... तुला नको आहे."

"वाटलं! तुला वाटतं आणि आगबोटीत बसायचं मी!"

"मग... मी काय करू, कुलसुम?"

"विचार ना!"

तो उठून उभा राहिला. कपाळावरची आठी गेली होती. "करशील माझ्याशी लग्न? नाही म्हणालीस तरी... मी ऐकेन."

मी वळले. बूट खाडखाड वाजवत थेट भटारखान्यात गेले. मागून फुफी, तिच्यामागे तय्यब, त्याच्यामागे नोरा. अब्बा देगचीवर वाकले होते.

"अब्बा, तय्यब मिस्त्रीला मागणी घालायचीय."

अब्बांनी मान वर केली. "त्यानं परत घेतली ना ती?"

"त्याची त्यानं घेतली. ही माझी आहे. मी घालतेय."

"मुलीकडून अशी कुणी मागणी घालतं का?"

"माझ्याशिवाय माझा निकाह ठरला आणि माझ्याशिवाय मोडला. तेव्हा कुठली रीत होती? आता मी सांगते, मला हा हवाय. आगबोटीत मी बसणार नाही."

अब्बांनी देगचीवर झाकण ठेवलं. मग डोळे पुसले. कांदा नव्हता चिरलेला.

"चाचा, मी..." तय्यब पुढे सरसावला.

"तुम्ही गप्प बसा!" मी गर्रकन वळले. "तुम्हाला अजून कुणी विचारलेलं नाही!"

अब्बांनी पळी खाली ठेवली, घसा खाकरला आणि भर भटारखान्यात, चार आचाऱ्यांसमोर, रीतसर विचारलं, "काय रे तय्यब, माझी लेक तुला मागणी घालतेय. तुझं म्हणणं काय?"

"कबूल!" तो ओरडला. "कबूल, कबूल!"

"अरे थांब मेल्या," फुफी म्हणाली, "काझी तरी येऊ दे."