जबड्याच्या सर्जनचं नाक

स्वयंसेवक म्हणून यावं कोणी, तर नेमकं त्यानंच!

भूलतज्ज्ञ बाईनं कपाळावर हात मारला. ज्यांचा जबडाच उघडत नाही अशा रुग्णांना जागेपणी, नाकातून श्वासाची नळी कशी घालायची, हे ती आज शिकवणार होती. विद्यार्थी यायच्या आत, नळीला वाट दाखवणारी बारीक, लवचिक दुर्बीण एकदा तपासायला तिला एक धडधाकट नाक हवं होतं. आणि खुर्चीत येऊन बसला जबड्याचा सर्जन… ऑपरेशनआधी ती भूल देत असताना दर दोन मिनिटांनी "झालं का?" विचारून डोकं उठवणारा! त्याला वैतागूनच तिनं दुसऱ्या विभागात बदली मागितली होती. पण तो दिसला नाही की दिवस अळणी जायचा, आणि याचा तिला जास्तच राग यायचा.

"तुम्हाला दुसरं काम नाही?"

"तुम्हीच म्हणालात ना, स्वतःच्या नाकात घालून बघा, मग घाई करा."

"एकेक नाकपुडी दाबून श्वास घ्या. कुठून मोकळा येतोय?"

"उजवीकडून. डॉक्टर, ती बदली—"

"तोंड मिटा!"

तिनं रक्त येऊ नये म्हणून आधी थेंब सोडले, मग बधिर करणारा फवारा मारला.

"कडू आहे हो… अगदी तुमच्या बोलण्यासारखा."

"अजून एक मारू?"

"मारा. पण जाऊ नका… झालं का?"

"नाही झालं! बधिर व्हायला वेळ लागतो. एवढी वर्षं हेच सांगतेय मी!"

तो चक्क ओशाळला. "घाई तुमच्यामुळे नव्हती हो. वाटायचं, लवकर आटपलं तर तुमच्याबरोबर चहा घेता येईल. पण तुम्ही तर रागानं निघूनच जायचात."

तिचा हात थबकला. शेजारच्या सिस्टरना अचानक कपाट आवरायची आठवण झाली.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

त्यानं तोंड उघडलं.

"आता नको! आता गप्प!"

दुर्बीण नाकपुडीच्या तळालगत हळूहळू आत सरकली. "खोल श्वास घ्या…" पडद्यावर स्वरतंतू उघडले आणि दुर्बीण अलगद श्वासनळीत उतरली. रक्ताचा थेंब नाही. आणि तो, कधी नव्हे तो, गप्प.

"ऐका," ती हळूच म्हणाली, "बदलीचा अर्ज मी मागे घेतेय. चहा रोज घ्यायचा, कितीही उशीर झाला तरी. कबूल असेल तर डोळे मिचकावा. मान हलवू नका!"

त्यानं जोरजोरात मान हलवली. पडद्यावर सगळं गदागदा हललं.

"अहो, काय हे! या माणसाशी मी संसार कसा करणार?" ती ओरडली… आणि आपण काय बोलून गेलो हे कळताच कानापर्यंत लाल झाली.

त्यानं मग, अगदी शहाण्यासारखे, डोळे मिचकावले.